फौजदाराची शिकवणी

पाहुणे येतील तेव्हा कुत्रं परसात बांधा, एवढं साधं काम राजाबाईनं नवऱ्याला सांगितलं होतं. मष्णूनं नुसतं 'व्हय' म्हटलं असतं तर सगळं तिथंच संपलं असतं. पण खानापूरच्या कचेरीत कारकुनी करून करून त्याला एक खोड लागली होती. सोपं काम समोर आलं की तो त्यावर विचार करायचा.

"बांधायचं कशाला? शिकवू की," तो म्हणाला.

"कुणाला?"

"फौजदाराला."

फौजदार म्हणजे त्यांचं कुत्रं. तांबूस अंग, नाकाखाली काळ्या मिशा आणि दारात येणाऱ्या प्रत्येकाची चौकशी करायची सवय. (चौकशी दातांनी व्हायची.) मागच्या खेपेला लेकीला, शालनला, बघायला मंडळी आली, तर मुलाच्या चुलत्याचं धोतर यानं उंबऱ्यातच धरलं. चुलता वाचला, धोतर फाटलं, सोयरीक मोडली. पोरीचं लग्न कुत्र्यापायी अडावं, याचं मष्णूला मनापासून वाईट वाटलं होतं. आता महिन्याभरानं निपाणीकडचे परशराम आप्पा पोराला घेऊन येणार होते. हेही स्थळ गेलं असतं तर राजाबाईनं कुत्र्याला घरात ठेवलं असतं, नवऱ्याचं सांगता येत नव्हतं.

तरी मष्णूला काळजीपेक्षा कुतूहलच जास्त. कुत्रं माणूस ओळखतं कशावरून? टोपीवरून, वासावरून, की चालीवरून? तो कट्ट्यावर बसून फौजदाराकडं बघत राहिला. फौजदारही त्याच्याकडं बघत राहिला. (कोण कुणाचा अभ्यास करतंय, हे राजाबाईला कळेना.) शेवटी मष्णूला सापडलं. भला पाहुणा दारात थांबतो, तांब्याभर पाणी घेऊन पाय धुतो आणि मग आत येतो. मनात काळंबेरं असलेला सरळ आत घुसतो. एवढं फौजदाराच्या डोक्यात उतरवलं की काम झालं.

पाहुणा म्हणून शेजारच्या भरमूला धरलं. तो म्हणाला, "येतो. पण आधी त्याला सुई टोचून आण. मला पोटात सुया घ्यायची हौस न्हाय."

मष्णूनं फौजदाराला जनावरांच्या दवाखान्यात नेऊन सुई टोचून आणली आणि शिकवणी सुरू झाली. भरमू रोज संध्याकाळी पटका बांधून यायचा, पाय धुवायचा, आत येऊन चहा प्यायचा. फौजदार गप्प राहिला की राजाबाई त्याला भाकरीचा तुकडा द्यायची. चार-आठ दिवसांत कुत्रं भरमूचे पाय हुंगून बाजूला सरकायला लागलं.

"आता चोर हो," मष्णू म्हणाला. "पाय न धुता आत शीर."

"मी पाहुणा हाय," भरमू म्हणाला. "चोर तू हो. कुत्रं तुझं हाय."

म्हणून मालकच चोर झाला. एरवी तो सायकल घेऊन परसदारानं यायचा. आता रोज चपला घालून, धुळीच्या पायांनी पुढच्या दारातून घुसायला लागला. फौजदार आधी गोंधळला. मग राजाबाईनं भाकरी दाखवली, तसं त्यानं मष्णूच्या लेंग्याचं टोक धरलं. दात न लावता, नुसतं ओठांत. पायावर पाणी पडेपर्यंत सोडलं नाही.

"बघितलंस? चावत न्हाय, नुसतं थांबवतंय," मष्णू हरखून गेला.

"लई गुणाचं हाय," म्हणत राजाबाईनं आणखी एक तुकडा दिला. (ह्या धड्यात तिचा उत्साह जरा जास्तच होता.)

पाहुणे आले त्या दिवशी मष्णूनं टेरिकॉटची नवी प्यांट घातली आणि स्टँडवर जाऊन परशराम आप्पा, त्यांची बायको गंगव्वा आणि मुलगा धर्मराज यांना घेऊन आला. दारात फौजदार उभा. मष्णूनं तांब्या उचलून एकेकाच्या पायावर पाणी घातलं. फौजदारानं एकेकाचे पाय हुंगले, बाजूला सरकला आणि शेपूट हलवत बसला. मष्णूची छाती फुगली. त्या भरात तांब्या खाली ठेवून तोही पाहुण्यांच्या मागोमाग निघाला.

प्यांटीचं टोक ओठांत गेलं.

"अरं, मी हाय," मष्णू कुजबुजला. फौजदाराला ते चांगलंच ठाऊक होतं. त्याच्या ओळखीचा चोर हा एकच.

आत पोहे आले, शालन आली, बोलणी सुरू झाली. वधूपित्याचा एक पाय घरात आणि एक बाहेर.

"आत या की," परशराम आप्पा म्हणाले.

"असू दे. हितं वारं बरं लागतंय."

गंगव्वा कुत्र्याकडं निरखून बघत होती. "चावत न्हाय, सोडत बी न्हाय. शिकवलं कुणी म्हणायचं ह्याला?"

"मीच," मष्णू उंबऱ्यावरून म्हणाला.

शालननं पदराआड हसू दाबलं. ते बघून धर्मराजही हसला, उठला आणि बाहेर येऊन त्यानं तांब्या उचलला. लग्नात सासऱ्यानं जावयाचे पाय धुवायचे असतात. इथं उलटंच चाललं होतं. एका पायावर पाणी पडलं. फौजदारानं हुंगलं, ते टोक सोडलं आणि दुसऱ्या पायाचं धरलं.

"मामा, दुसरा बी पाय पुढं करा," धर्मराज म्हणाला. "सोडंना झालंय."

सासऱ्याला म्हणतात तसं मामा म्हटलं, म्हणजे स्थळ पक्कं झालं. राजाबाईचे डोळे भरून आले. ती लगबगीनं आत गेली, भाकरीचा मोठा तुकडा घेऊन आली आणि "माझ्या पोरीचं कल्याण केलंस रं बाबा" म्हणत तिनं तो फौजदाराला भरवला.

मष्णू दुसरा पाय पुढं करून तसाच उभा होता.