अजून सांग ना, आई

"ते ॲप कशालाच नाही म्हणत नाही, जपून," असं नवऱ्यानं, शिरीषनं, आधीच बजावलं होतं. यामिनीनं ते उडवून लावलं होतं. "तुलाही कुठं म्हणता येतं? चाललाच ना संसार!"

अडचण साधी होती. नवा रायपूरचं ऑफिस, दोन वर्षांचा नील आणि गुढियारीला एकटी राहणारी आई. आईला संध्याकाळी सहाला फोन हवा आणि साहेबांना नेमकी तेव्हाच मीटिंग. मग यामिनीनं आपला आवाज एका ॲपला शिकवला. ते रोज तिच्या आवाजात आईशी बोलायचं आणि नंतर तिला एका ओळीचा निरोप धाडायचं: 'आई मजेत. चहा झाला. गोळी घेतली.' यामिनी त्यावर अंगठा द्यायची. आपण आईचं किती करतो, या विचारानं तिला भरून यायचं.

सोमवारी निरोप आला, 'आई आज फार आनंदात.' त्यानंतर अर्ध्या तासानं यामिनी पाळणाघरात पोचली, तर नील जागेवर नव्हता.

तिनं खेळण्यांचं कपाटसुद्धा उघडून बघितलं. या पाळणाघरात जागा मिळावी म्हणून तिनं नीलच्या जन्माआधीच नाव घातलं होतं. दिवसभर ती फोनवरून इथल्या कॅमेऱ्यात डोकावायची. आज तेवढी मीटिंग लांबली होती.

"सरलादीदी, नील किधर है?"

"नानी ले गईं ना! नाम भी कटवा दिया." पाळणाघर चालवणाऱ्या सरलादीदी उलट तिच्याकडेच बघत राहिल्या. "हमने तो मना किया था. तभी आपका फोन आया उनको. स्पीकर पे आपसे पूछा, तो आप बोलीं, 'हो, नक्की. आईला योग्य वाटेल तसं करा.' बहुत मीठा बोलती हैं आप फोन पे!"

यामिनी धापा टाकत घरी आली. दारात दोन ट्रंका, लोणच्याची बरणी आणि शिलाई मशीन. आत आईच्या मांडीवर नील गुळाशी चीला, म्हणजे तांदळाचं धिरडं, खात होता. डाएट चार्ट त्याच्या बुडाखाली.

"आई! हे काय?"

"काय म्हणजे? तूच तं म्हणाली! घर भाड्यानं देऊ का? 'छान कल्पना, आई.' तुह्याकडे राहाले येऊ का? 'कधीही ये, आई.' पोट्ट्याले त्या कोंडवाड्यातून काढू का? 'नक्की, आई.'"

"अगं, ती मी नव्हते! मशीन होतं ते!"

"मले का समजत नाही?" आईनं नीलचं तोंड पुसलं. "पहिल्याच दिवशी समजलं. माही पोरगी कधी 'अजून सांग ना' म्हणते का? तू तं 'ठेवते' म्हणतच फोन उचलते."

"मग त्याला कशाला विचारलं? मला विचारायचं!"

"तुलेच विचारलं होतं आधी. तू म्हणाली, 'बघू.'"

आईला दार उघडून देणारा शिरीष घाईघाईनं कपाटात काहीतरी शोधू लागला.

यामिनी तोंड उघडणार, तोच आईचा फोन वाजला. मघाचं बोलणं पाळणाघरात अर्धवट राहिलं होतं, म्हणून ॲपनं पुन्हा लावला होता.

"थांब जरा," आईनं तिला हातानं गप्प केलं. "पोरीचा फोन आहे."

"बोल ना, आई, कशी आहेस?" यामिनीचाच आवाज, पण मधात बुडवलेला.

"काय सांगू, माय! इथं एक बाई आल्यापासून माह्यावर ओरडून राहिली."

"अरेरे! अजून सांग ना."

आईनं पाय पसरले आणि सांगायला घेतलं. थोड्या वेळानं यामिनीच्या फोनवर निरोप उमटला, 'आई मजेत.'

तर यामिनीचं तुम्हाला एकच सांगणं आहे. तुमचीही आई अशी मजेत असल्याचा निरोप रोज येत असेल, तर आज स्वतः फोन लावा. कशी आहेस, ते विचाराच. पण त्याआधी विचारा, कुठं आहेस?