सोताचं एक वाक्य

आमच्या सोनटक्के सरांच्या वर्गात शिरायला जकात लागायची. नांदेडच्या आमच्या ज्युनियर कॉलेजात जर्मनचा तास सकाळी साडेसातला असे. सर दारात हात आडवा धरून उभे राहायचे. "सोताचं एक वाक्य टाक अन् जा आत." वाक्य जर्मनमध्ये हवं आणि पुस्तकातलं नको. घरी काय झालं, वाटेत काय दिसलं, काहीही चालायचं. घोकलेलं वाक्य त्यांना वासावरून कळे. मग हात जागचा हलत नसे आणि मागे रांग वाढत जाई.

या जकातीला कारण होतं. बोर्डाच्या जर्मनवर सरांचं समाधान नव्हतं. बारावीच्या पोरांना ते पदवीच्या पातळीची एक प्रमाणपत्र परीक्षाही द्यायला लावत. ती चांगल्या मार्कांनी निघाली की पुण्यातल्या एका कॉलेजात थेट दुसऱ्या वर्षाच्या जर्मनला बसता यायचं. तोंडी परीक्षेला परीक्षक पुण्याहून येत. आमच्या आधीच्या एका बॅचला परीक्षकांनी विचारलं, वडील काय करतात? अकराच्या अकरा पोरांनी छातीठोकपणे सांगितलं, "माझे वडील म्युनिकच्या बँकेत आहेत." पुस्तकात तसंच होतं. त्यातल्या एकाचे वडील ऑटो चालवायचे आणि परीक्षकांना सकाळी स्टेशनवरून त्यांनीच आणून सोडलं होतं.

"लेकाहो, बापच बदलून टाकले की रे," असं सांगताना सरांचे कान अजून लाल व्हायचे. आम्ही पोट धरून हसायचो, मी जरा जास्तच.

सर मूळचे रेणापूरचे, घरची शेती. जर्मन शिकले हैदराबादला. जर्मनी नकाशात पाहिलेली. मानेभोवती रुमाल, खिशात तीन रंगांचे खडू आणि उच्चार असे की जर्मन भाषा निलंग्याच्या आसपास जन्मली असावी. भाजी घेताना तोंडातल्या तोंडात जर्मन आकडे मोजायचे. कॉलेजातल्या प्रत्येक वस्तूला त्यांनी नावाची चिठ्ठी चिकटवली होती. फळ्याला, पंख्याला, व्हरांड्यातल्या माठाला, लिंबाच्या झाडालासुद्धा. माठात पाणी भरणाऱ्या शिपाईमामांना गाठून सर त्यांच्याशी जर्मनमधून दोन वाक्यं बोलत. मामा घागर रिकामी करत मान डोलवायचे, "हाव सर." एकदा मामांनी विचारलं, "सर, मलाबी चिकटवता का एक चिठ्ठी?" सरांनी खरंच खिशात हात घातला.

मी बिलोलीची, नांदेडला होस्टेलवर राहणारी. दोन वर्षांत मी जकात चुकवण्यात तरबेज झाले होते. मोबाईलवरच्या ॲपमधून एक वाक्य उचलायचं आणि त्यात मुद्दाम एक चूक घालायची, म्हणजे ते स्वतःचं वाटतं. सर चूक दुरुस्त करत, हात खाली घेत, पण माझ्याकडे क्षणभर बघत राहत. तेव्हा मला वाटायचं, सर फसले. आता तसं वाटत नाही.

परीक्षेच्या दिवशी पुण्याच्या मॅडम आल्या. सरांनी त्यांना फाटकातच गाठलं आणि जर्मनमधून स्वागत सुरू केलं. रात्रभर जुळवलेलं असावं, इतकं लांबलचक. मी त्यांना एवढं खुशीत कधी पाहिलं नव्हतं. मॅडम ओठ दाबून हसल्या आणि मराठीत म्हणाल्या, "आधी चहा मिळेल का हो?" व्हरांड्यात उभ्या उभ्या मला लाज वाटली, आणि ती मॅडमची नाही, सरांची वाटली.

परीक्षा चालू असताना सरांना खोलीत थांबायची परवानगी नव्हती. माझी उत्तरं धडाधड गेली. शेवटी मॅडमनी जर्मनमध्येच विचारलं, "इतकं छान कुठे शिकलात? शिकवतं कोण?"

याचं उत्तर पाठ नव्हतं. माझ्या डोळ्यांसमोर तो रुमाल आला, ते फाटकातलं स्वागत आलं, आणि पुण्याचा प्रवेश आला. मी एका दमात म्हणाले, "पुण्याच्या एका बाईंकडे मी ऑनलाइन शिकले. इथे शिकवण्यासारखं कुणी नाही." अशा कुणी बाई नव्हत्याच. पुणंही मी तोवर पाहिलं नव्हतं. पोरांनी नुसते बाप बदलले होते, तेही पुस्तकाच्या नादानं. मी माझ्या अकलेनं गुरू बदलला.

मॅडमनी समाधानानं मान हलवली. तेवढ्यात दार लोटलं गेलं. मामांच्या हातून चहाचा ट्रे घेऊन सर स्वतःच आले होते. कप ठेवताना थोडा चहा बशीत सांडला. माझ्याकडे न बघता ते बाहेर गेले.

संध्याकाळी बसस्टँडवर बिलोलीच्या गाडीत बसले तर खिडकीशी सर. परीक्षा झाली की गावाकडच्या पोरांना गाडीत बसवून द्यायची त्यांची रीतच होती. आज येणार नाहीत, असं मी धरून चालले होते. मी मान खाली घातली.

"वाक्य तुझं होतं," सर म्हणाले. "दोन वर्षांत पैलं. म्या दारातच होतो. चूक एकबी न्हाई."

ड्रायव्हर चढला. सर रुमालानं मान पुसत म्हणाले, "पुण्याला लई जण भेटतील बोलायला. बोलत जा. हितं कोन हाय? म्या आपला माठाशी बोलून राहिलो." आणि स्वतःच हसले. मग गाडी सुटताना जर्मनमध्ये काहीतरी म्हणाले, सुखरूप जा अशा अर्थाचं. त्याला जर्मनमधूनच उत्तर द्यायचं असतं. मी म्हणाले, "हाव सर."

प्रवेश मिळाला. आता पुण्यात मीच जर्मन शिकवते. कुठे शिकलात असं कुणी विचारलं की नांदेडचं आणि सरांचं नाव न चुकता सांगते. पण ज्यांनी ते ऐकायला हवं, ते तिथे दाराशी नसतात. त्यांचा नंबर माझ्याकडे आहे. माफीचं जर्मन वाक्य चार शब्दांचं आहे, सरांनीच पहिल्या महिन्यात पाठ करून घेतलेलं. पाठ केलेलं त्यांना चालत नाही, हीच अडचण आहे. सहा वर्षं मी स्वतःचं एक वाक्य जुळवते आहे आणि ते जुळेपर्यंत त्या आडव्या हातापुढे उभी आहे.