हरिभाऊ मशीन निवडतात

माझ्या मुलीच्या बारशाला हरिभाऊ आले ते थेट पाळण्यापाशी गेले. बाळाकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. खिशातून सायकलची किल्ली काढली, पाळण्याच्या लोखंडी पायावर टकटक वाजवलं, वाकून जोडाला कान लावला आणि जमलेल्या बायकांसमोर निकाल देऊन टाकला, "मागला जोड कच्चा हाय. पोरीला उचला."

उचललं. बाळाच्या कानात कुर्र करायला पुढे सरसावलेली माझी बहीण तशीच अवघडून उभी राहिली. हरिभाऊंनी खिशातूनच सुतळी काढली, पाळण्याचा पाय करकचून बांधला आणि मग कुठे घुगऱ्यांचा द्रोण हातात घेतला. बाहेरच्या वेल्डरकडून तो जोड मारून आणू का, असं मी विचारलं, तर माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी त्यांना आणखी घुगऱ्या वाढायला घेतल्या. "लेकरू निजायचंय त्यात," ते म्हणाले. "जोड माझ्या हातचा लागंल."

संत तुकाराम नगरात हरिभाऊ आमच्या समोरच्या दारात राहायचे. मूळचे रावेतचे. पिंपरीतल्या एका कंपनीत वेल्डर होते आणि मी त्याच कंपनीच्या दवाखान्यात कारकून. कुठलाही जोड दिसला की वाजवून बघायचा हा त्यांचा धर्म. बसचा दांडा, स्टेशनवरचं बाकडं, बँकेची जाळी, काही सुटत नसे. नुसता जोडच नव्हे, तो मारणाराही त्यांना कळे. "ह्यो गडी घाईत होता." "ह्याचं घरी भांडण झालं आसणार, बघा कसा हात थरथरलाय." एकदा चिंचवडच्या एका फाटकावर बोट फिरवून म्हणाले, "ह्यो डावरा हाय." पुढे तो वेल्डर भेटला. डावरा होता.

"जोड सांगतो, राव," ते म्हणत. "ऐकणारा पायजे."

त्यांच्या सदऱ्यांना ठिणग्यांनी इतकी बारीक भोकं पडलेली असत की दोरीवर वाळत घातलेल्या सदऱ्यातून मला समोरचा रस्ता दिसे. ती भोकं रफू करणं हे त्यांच्या बायकोचं, म्हणजे हौसावहिनींचं काम, आणि रफू करताना नवऱ्याचा उद्धार करणं हा त्या कामाचा भाग. पहिली पाळी सुटून हरिभाऊ घरी आले की वहिनींचा आवाज जिनाभर घुमायचा. "कपडं घालता का पेटवता?" आमच्या घड्याळाला किल्ली द्यायची राहिली तरी त्या आवाजावरून आम्ही चहा टाकायचो.

बारशानंतर महिन्याभरात कंपनीतली डोळ्यांची वार्षिक तपासणी आली. दवाखान्यातला अक्षरांचा तक्ता हरिभाऊंना वरपासून खालपर्यंत पाठ होता, हे मला गेली काही वर्षं ठाऊक होतं आणि मी ते पोटात ठेवलं होतं. त्या दिवशी हरिभाऊ खुर्चीत बसले, एक डोळा झाकला आणि शेवटच्या ओळीपर्यंत सगळी अक्षरं एका दमात म्हणून मोकळे झाले. डॉक्टरांनी शांतपणे विचारलं, "हरिभाऊ, तक्ता कुठे आहे?"

तक्ता भिंतीवर नव्हताच. जुना काढला होता आणि नवा माझ्या टेबलावर गुंडाळून पडला होता.

चष्मा लावूनही दूरची नजर नियमात बसेना. "मला काय वीस फुटांवरनं जोड मारायचाय?" हरिभाऊंनी विचारलं. डॉक्टरांनी नियमावर बोट ठेवलं. हरिभाऊंची बदली स्टोअरमध्ये झाली. तिथे खिडकीतून दुसऱ्यांना हातमोजे आणि वेल्डिंगचे रॉड मोजून द्यायचे, एवढंच काम.

त्या संध्याकाळी सायकल हातात धरून ते माझ्याबरोबर चालत आले. "घरी बोलू नका," म्हणाले. "हौसाला वाटू द्या मी लायनीवरच हाय." आणि दहा पावलांनंतर, "राव, घरी वेल्डिंगचं मशीन घ्यावं म्हणतो."

पुढचे सहा महिने माझा एकही रविवार माझा राहिला नाही. पुण्यातल्या दुकानांमध्ये मी मशीनवरच्या इंग्रजी पाट्या वाचायचो आणि हरिभाऊ नकार द्यायचे. दुकानदार रॉड लावून द्यायचा. हरिभाऊ डोळे सांभाळायची काळी काच तोंडासमोर धरायचे, काचेमागे डोळे मिटायचे आणि नुसतं ऐकायचे. चांगला जोड लागताना भजी तळल्यासारखा आवाज यायला पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. "ह्येच्या तेलाला ताव न्हाई," एका मशीनबद्दल म्हणाले. दुसऱ्याबद्दल, "ह्ये भजी जाळतंय." तिसऱ्याच्या आत तांब्याची तार आहे की ॲल्युमिनियमची हे बघायला त्यांनी झाकणाचे स्क्रू काढले, तेव्हा दुकानदाराने आम्हाला चहा न देताच वाटेला लावलं.

अखेर जुन्या बाजारात त्यांना एक मशीन पसंत पडलं. तेल भरलेलं, कंपनीतल्यासारखं, चार माणसांनी उचलावं असं. मी पाटी वाचली. त्याला विजेच्या दोन फेज लागत होत्या आणि आमच्या घरांना येते एकच.

"एक माझी," हरिभाऊ म्हणाले, "आन् एक तुमची."

"माझी?"

"तुमचं घर दुसऱ्या फेजवर हाय. मी मीटरच्या पेटीत बघून ठिवलंय."

दर रविवारी मलाच का नेतात ते मला त्या क्षणी कळलं. मी नाही म्हटलं. हरिभाऊ रुसले आणि दोन रविवार मला घरी झोपायला मिळालं.

दुसऱ्या रविवारी दुपारी हरिभाऊ बाहेर गेले होते, तेव्हा हौसावहिनींनी मला हाक मारली. हातात हरिभाऊंचा सदरा होता. "भावजी, मशीन कदी घेणार तुमी?"

"कसलं मशीन?" मी म्हणालो. खोटं बोलायला मी कधी शिकलोच नाही.

त्यांनी सदरा उजेडात धरला. जुनी रफू केलेली ठिपक्याठिपक्यांची रांग दिसत होती. "सा म्हैने झाले. नवं भोक न्हाई एक. वेल्डराची बायको हाय मी." सदऱ्याची घडी घालत त्या म्हणाल्या, "मला ठावं हाय, ह्ये त्यांना सांगू नका. मोठं नगं, बारकं घ्या. पर घ्या. माणूस घरी आला की खाटेला टिचक्या मारत बसतोय."

तेव्हा माझ्या टाळक्यात प्रकाश पडला. सहा महिने आमचा जिना शांत होता. वहिनींचा आवाज नाही, उद्धार नाही, आणि मी मूर्खासारखा त्या शांततेवर खूश होतो. मला माझी फार लाज वाटली.

पुढच्या रविवारी मीच हरिभाऊंना ओढून नेलं. एका फेजवर चालणारं, तांदळाच्या डब्याएवढं मशीन पाहिलं. हरिभाऊंनी काच धरली, डोळे मिटले. बराच वेळ रॉड चालवला. "बारकी कढई हाय," शेवटी म्हणाले, "पर भजी बरी तळती." रिक्षात ते मशीन आमच्या दोघांच्या मध्ये बसलं आणि हरिभाऊंनी पिंपरीपर्यंत त्याच्यावर हात ठेवला होता.

लगेच बिल्डिंगमागच्या मोकळ्या जागेत आमचा पाळणा आला. मुलगी एव्हाना त्यात मावेनाशी झाली होती, पण ते बोलायची माझी छाती नव्हती. हरिभाऊंनी सुतळी कापली. रॉड टेकला, तसे जिन्यातले दिवे मंद झाले, कुणाचा तरी रेडिओ घोगरा झाला आणि भजी तळल्याचा तो आवाज सुरू झाला. मीसुद्धा डोळे मिटून ऐकला. अगदी सुरात लागला होता.

हरिभाऊ काच खाली ठेवून उठले, तर सदऱ्याच्या पोटावर तीन काळी भोकं. हौसावहिनी जिन्याच्या मागच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी ती भोकं पाहिली, पदर खोचला आणि सगळ्या बिल्डिंगला ऐकू जाईल असा आवाज चढवला. "नवा सदरा व्हता! दिवाळीला घेतल्याला! कपडं घालता का पेटवता?" ओरडताना त्यांचे डोळे भरले होते, ते मला दिसत होतं. हरिभाऊंना एवढ्या लांबून दिसलं असेल असं वाटत नाही.

ते मान खाली घालून, डोळे मिटून, जोडाला कान लावावा तसे ऐकत राहिले. वहिनी थकून आत गेल्यावर माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "सा म्हैने ही गप होती, राव. लई भ्या वाटलं मला."