महालक्ष्म्यांचं जेवण आणि अंबादासचं कुलूप

दाराच्या कुलपाचा नंबर बदलायचा, एवढंच खरं तर अंबादासने ठरवलं होतं.

आदल्या दिवशी फॅक्टरीत एक व्याख्यान झालं होतं. विषय होता इंटरनेटला जोडलेल्या घरगुती वस्तूंची सुरक्षा. बाकीचे कारकून समोशांसाठी बसले होते. अंबादास ऐकायला बसला आणि तिथेच घोटाळा झाला. कुलूप, कॅमेरा, गिझर, टीव्ही, यातलं काहीही जुन्या पासवर्डवर चालू ठेवणं म्हणजे चोराला चहाला बोलावणं, असं वक्त्याने सांगितलं. अंबादासच्या डोळ्यांपुढे जबलपूरच्या अधारताल वस्तीतलं आपलं घर उभं राहिलं. दाराला मोबाइलने आणि नंबरने उघडणारं कुलूप होतं, आणि नंबर होता एक-दोन-तीन-चार. तो दूधवाल्याला पाठ होता, शेजारच्या भय्यासाहेबांना पाठ होता. (अंबादास विसरला की तेच त्याला आठवण करून देत.)

दुसऱ्या दिवशी घरी महालक्ष्म्या होत्या. पुरण शिजत होतं, बायको विभावरी चार ठिकाणी एकदम धावत होती, आणि अंबादास मोबाइल घेऊन दारापाशी बसला होता.

"अहो, केळीची पानं पुसून द्या नं."

"आत्ता नाही. मी घर सुरक्षित करून राहिलो."

"कोणापासून?"

"सगळ्यांपासून."

(हे मात्र अक्षरशः खरं ठरलं.)

त्याने कुलपाचा नंबर बदलला नाही, नंबरची सोयच बंद करून टाकली. नवा पासवर्ड असा केला, की तो त्याला स्वतःलाही पाठ होईना. तो मोबाइलमध्ये साठवला. वर दुसऱ्या कोणाच्या फोनवरून दार उघडायचं तर आधी आपल्या मोबाइलवर आकडे यावेत, असा पहारा बसवला. कुलपाची लोखंडी किल्ली कपाटात ठेवून कपाटही लावलं. मग समाधानाने मोबाइल चार्जिंगला लावला आणि सोवळं नेसून पूजेला बसला.

आरती झाली, नैवेद्य झाला. विदर्भातून जबलपूरला येऊन तीन पिढ्या झाल्या तरी या घराने एक रीत सोडली नव्हती. नैवेद्य दाखवला की महालक्ष्म्यांना निवांत जेवू द्यायचं, कोणी आत डोकावायचं नाही. घर लहान, म्हणून सगळे अंगणात आले. सवाष्णी आल्या, भय्यासाहेब आले. शेवटी अंबादासची आई, सत्यवतीबाई, बाहेर आल्या आणि त्यांनी दार ओढून घेतलं. कुलूप 'कट्' करून आपोआप लागलं.

थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "झालं असंल जेवण. उघड रे अंबादास. समईत तेल घालायचं आहे. आजच्या दिवशी विझली तर मी पाण्याचा घोट घेणार नाही, सांगून ठेवते."

सकाळपासून त्या निर्जळी होत्या. अंबादासने खिशात हात घातला. सोवळ्याला खिसा नसतो.

"मोबाइल आत आहे," तो म्हणाला.

"मग एक-दोन-तीन-चार दाबा नं," भय्यासाहेब म्हणाले.

"ते आता चालत नाही. मी सुरक्षा वाढवली."

"काहून?"

विभावरी पुढे आली. "अहो, मी काय म्हणते..."

"तू थांब. हे टेक्निकल आहे."

त्याने भय्यासाहेबांचा फोन घेतला, त्यात कुलपाचं ॲप उघडलं आणि आपलं नाव टाकलं. आतून, महालक्ष्म्यांच्या बाजूने, 'टिंग' असा आवाज आला. आकडे आले होते. पुन्हा टाकलं, पुन्हा 'टिंग'. एका सवाष्णीने हात जोडले.

मग त्याने पासवर्ड विसरल्याचं कळवलं. फोनने विचारलं, आईचं जन्मगाव कोणतं?

"मझौली," सत्यवतीबाई म्हणाल्या. "टाक लवकर."

"आई, ते नाही चालणार. खरी उत्तरं चोराला माहीत असतात. म्हणून मी दुसरंच लिहिलं."

"म्हणजे आईचं गाव खोटं लिहिलं तू?"

"सुरक्षेसाठी."

"मग कोणतं लिहिलं?"

"तेच आठवून राहिलो."

त्याने इटारसी टाकलं, कटनी टाकलं, शेवटी भेडाघाटसुद्धा टाकलं. ("धबधब्यात जन्मली का मी?" आई म्हणाली.) फोनने संशयास्पद हालचाल असल्याचं सांगून खातंच बंद केलं. खिडकीच्या पडद्यातून समईची ज्योत बारीक दिसत होती. भय्यासाहेब पहार आणायला उठले. आठ महिन्यांपूर्वीच बसवलेल्या सागवानी दाराला पाठ लावून अंबादास उभा राहिला.

विभावरी घराच्या मागे गेली. स्वयंपाकघराच्या उघड्या खिडकीपाशी फडताळावर बोलका स्पीकर होता. हात कणकेचे असले की ती त्यालाच दार उघडायला सांगायची; तो कुलपाला थेट जोडलेला होता, अंबादासच्या खात्याशी त्याला देणंघेणं नव्हतं. खिडकीच्या गजांना तोंड लावून ती म्हणाली, "दरवाज़ा खोलो."

"जी, दीदी," स्पीकर म्हणाला. पुढचं दार उघडलं.

सत्यवतीबाई तेलाची बुधली घेऊन धावल्या. ज्योत वाचली. पंगत बसली. महालक्ष्म्या यंदा पोटभर जेवल्या, असं सगळ्या बायकांचं मत पडलं.

अंबादासला मात्र पुरण गोड लागेना. एवढा बंदोबस्त, आणि कोणीही खिडकीत येऊन हाक मारली की दार उघडं? जेवण होताच तो मागे गेला, गजांना तोंड लावलं आणि चोराला शोभेल अशा आवाजात म्हणाला, "दरवाज़ा खोलो."

"माफ़ कीजिए, मैं आपको नहीं पहचानती."

तेच तो नरमाईने म्हणाला. मग विनंती केली. स्पीकर ढळला नाही.

विभावरी आत भांडी लावत होती. "तो फक्त माझ्या आवाजावर चालतो. दिवाळीतच करून ठेवलं मी. फोडणी टाकली की तुम्ही बाहेरून ओरडून क्रिकेट लावत होते."

व्याख्यानात सांगितलेली सुरक्षा घरात एकाच यंत्राला होती, आणि ती अंबादासपासून होती.

"मागं कोण ओरडून राहिलं गं?" बैठकीतून सत्यवतीबाईंनी विचारलं.

"कोणी नाही, आई," विभावरी म्हणाली. "स्पीकर म्हणतो, ओळखीचा नाही." आणि तिने खिडकी लावून घेतली.