खानझोड्यांची गुहा

खानझोडे कोणत्याही घरात शिरण्याआधी त्या घराच्या दाराला कान लावतात. दार उघडंच असेल तर चौकटीला लावतात. ते आमच्या शेजारी राहायला आले त्याच आठवड्यात मी एका सकाळी आतून दार उघडलं, तर समोर पन्नाशीचा एक गृहस्थ वाकून उभा. डोळे मिटलेले, कान पुढे. मी आणि माझी बायको तेव्हा गॅसचा नंबर कोणी लावायचा होता यावर बोलत होतो आणि आवाज जरा चढले होते. मला राग आला.

"काय ऐकून राह्यले?" मी विचारलं.

"आत दोघं हायेत एवढं समजलं," ते शांतपणे म्हणाले. "त्यातलं एक चिडलेलं. म्हणून थांबलो. वाटीभर साखर पायजे होती."

"कोण चिडलेलं, तेबी विचारून घ्या त्यायले," बायको आतून म्हणाली.

खानझोडे सिंचन खात्यात ड्राफ्ट्समन होते. नवीन साहेब आले तेव्हा यांनी साहेबांच्या केबिनच्या दारालाही कान लावला. चपराशानं आत जाऊन सांगितलं, "साहब, वो बाबू जासूसी करता है." साहेबांनी लेखी खुलासा मागितला. खानझोड्यांनी कागदावर दोनच शब्द लिहून दिले : "आदत है." साहेब बदलून जाईपर्यंत तो कागद कोणत्या फायलीत लावायचा हे कोणाला ठरवता आलं नाही.

छत्री ते बाराही महिने बाळगत, पण उघडताना मी त्यांना क्वचितच पाहिलं. ती जमीन ठोकण्यासाठी होती. रस्त्यात पाणी साचलेलं दिसलं की आधी छत्रीचं टोक, मग पाय. लोक हसत. आमच्या वॉर्डात नळाची पाइपलाइन टाकायला रस्ते खणून ठेवले होते त्या वर्षी मात्र हसणाऱ्यांपैकी दोघांच्या पायाला प्लास्टर लागलं आणि खानझोडे धड राहिले. हे मी ऐकीव सांगत नाही, दोघांनाही भेटून आलो होतो.

या सगळ्याचं मूळ एका पेटीत होतं. त्यांचा मावसभाऊ जहाजावर नोकरीला होता. त्यानं परदेशातल्या कुठल्या तरी बंदरावरून पुठ्ठ्याची एक पेटी आणून दिली. आत इंग्रजीतल्या पातळ पुस्तिका आणि चित्रविचित्र फासे. चार बाजूंचा, आठ बाजूंचा, एक तर वीस बाजूंचा. फाशांवर आकडे नुसते कोरलेले होते. रंग आपण मेणखडूनं भरायचा. खानझोड्यांची नेमणूक तेव्हा बिरशाला होती. चारी बाजूंना जंगल, संध्याकाळी वीज नाही, बायको-पोरं नाहीत कारण लग्नच केलेलं नाही. त्यांनी शब्दकोश घेऊन पुस्तिका वाचून काढल्या आणि लक्षात आलं, की या खेळाला निदान तीन माणसं लागतात. बिरशाला तीन माणसं मिळाली नाहीत. पुढे बैहरलाही मिळाली नाहीत. ती सगळी वर्षं ते ट्रेसिंग पेपरवर गुहांचे नकाशे काढत बसले.

बालाघाटला आल्यावर त्यांना आम्ही सापडलो. पहिला मी. मी वीजबिलाच्या कचेरीत होतो आणि रविवारी दुपारी मला दुसरं काम नसे. दुसरे मेश्राम गुरुजी. ते शाळेत विज्ञान शिकवत. तिसरा औषधाच्या दुकानातला पांडे. तो आमच्यापेक्षा वयानं लहान होता, आणि त्याला वाटलं होतं की पत्ते आहेत.

"पट कुठं हाये?" गुरुजींनी पहिल्या रविवारी विचारलं होतं.

"पट नाई."

"सोंगट्या?"

"नाई."

"मंग जिंकते कोण?"

"कोणी नाई जिंकत."

"मंग हाये काय या खेळात?"

"तुमी हाये," खानझोडे म्हणाले.

हे मला नीट समजायला बरेच रविवार गेले. वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. खानझोडे एक गुहा मनात आणि कागदावर तयार ठेवत. आम्हा तिघांचं प्रत्येकी एक माणूस त्या गुहेत असे. माझा चोर, गुरुजींचा लढवय्या, पांडेचाही लढवय्या. खानझोडे सांगत की समोर काय दिसतं. आपण सांगायचं की आपला माणूस काय करतो. जमलं की फसलं ते फासे ठरवत. आत शिरायचं कारण एकच होतं. डोंगराखालच्या एका गावाची नदी आटली होती. गुहेच्या तळाशी कोणीतरी झऱ्यावर शिळा बसवली होती, ती काढायची. परदेशी पुस्तिकेत म्हणे सोनंनाणं आणि अजगर होते. सिंचन खात्याच्या माणसानं ते काढून पाणी घातलं.

दारासमोर आलो की खानझोडे विचारत, "ऐकलं काय?" आपण ऐकलं नाही म्हटलं, किंवा काठीनं जमीन ठोकून न बघता पाय टाकला, की काहीतरी वाईट होई. मोजमापाच्या बाबतीत तर ते कोणाचं ऐकत नसत. पांडे एकदा दोर बांधून विहिरीत उतरला.

"दोर चाळीस फूट. विहीर साठ फूट," खानझोडे म्हणाले. "पांडेजी, मर गए आप."

"अरे भाईसाहब, बीस फीट तो आदमी कूद भी जाता है!"

"कूदे ना. इसीलिए मरे."

पांडेचा माणूस असा वारंवार मरे. नवीन माणसाला तो जुनंच नाव द्यायचा, फक्त पुढे क्रमांक लावून. बजरंगसिंह तिसरा, बजरंगसिंह चौथा. आदल्या बजरंगसिंहाच्या सामानावर वारसाहक्कही सांगायचा.

गुरुजींचं वेगळं होतं. ते भूतपिशाच्च, मंत्रतंत्र मानत नसत आणि खेळातही मानायला तयार नव्हते. एका बोळात पांढरी आकृती तरंगत आली. आम्ही दोघं मागे पळालो. गुरुजी म्हणाले, "भूतबित काही नसते. मी सरळ त्याच्यातून चालत जातो."

खानझोड्यांनी फासा टाकला. "गेले. हातपाय गार पडले. अर्धी ताकद गेली."

"ते ओलीनं," गुरुजी म्हणाले. "गुहेत ओल असते."

"भूत होतं, गुरुजी."

"तुम्ही पाह्यलं काय? मी पाह्यलं. ओल होती." आणि आपल्या कागदावर ताकदीच्या रकान्याशेजारी त्यांनी 'सर्दी' असं लिहून ठेवलं.

माझ्याकडे नकाशाचं काम होतं. खानझोडे तोंडी सांगत, उत्तरेला साठ फूट, मग उजवीकडे खोली, तीस बाय चाळीस. मी आलेखाच्या कागदावर ते उतरवत असे. पाच फुटांना एक चौकोन. सुरुवातीला माझ्या चुका होत. तेव्हा ते स्वतःचा कागद न दाखवता म्हणत, "बोरकर बाबू, पुन्हा मोजा." पुन्हा मोजलं की चूक माझीच निघे. दोन वर्षांत मी इतका तयार झालो, की बायको म्हणे, "घरात कपाट कुठं बसन तेवढं सोडून सगळं मोजता येते तुमाले."

त्या वर्षी गुरुजी निवृत्त झाले. नागपूरला त्यांच्या मुलाचं घर बांधून झालं होतं, आणि दिवाळी झाली की गुरुजींनी कायमचं तिकडे जायचं असं ठरलं. त्यांनी ते आम्हाला आखाडातच सांगितलं. सांगून लगेच म्हणाले, "पण पाणी सोडूनच जाईन. तेवढं झालं पायजे."

"होऊन जाईन," खानझोडे म्हणाले.

पण होईना. गुहा वाढत चालली. एक जिना उतरलो की दुसरा चढायचा. दार उघडलं की बोळ, बोळाच्या शेवटी दार. गणपती झाले, दसरा झाला. आम्ही जोरात चालत होतो, गुहेत रात्रीचा मुक्कामही करत नव्हतो, तरी तळ येईना. पांडे वैतागला.

"भाईसाहब, ये गुफा है कि सरकारी काम? पूरा ही नहीं होता!"

"मोठी गुहा हाये," खानझोडे कागदावरून नजर न काढता म्हणाले.

गुरुजी रविवारी आता सगळ्यांच्या आधी येऊन बसू लागले होते. त्यांच्या घरातलं सामान बांधायला सुरुवात झाली होती. कपाटं रिकामी झाली, पुस्तकं वाटून टाकली. नदीचं तेवढं राहिलं होतं.

दिवाळीनंतरचा पहिला रविवार. गुरुजींची गाडी बुधवारची. आम्ही दुपारी दोनला बसलो. खानझोड्यांच्या व्हरांड्यात एक लांब बाकडं होतं, त्यावर आम्ही तिघं. टेबलाच्या पलीकडे पुठ्ठ्याचा आडोसा उभा करून खानझोडे. आम्ही एका दारातून बाहेर पडलो. ते म्हणाले, "बोळ. उत्तरेला साठ फूट. मग पूर्वेला चाळीस, सरळ."

मी काढू लागलो. साठ बरोबर आले. पूर्वेला वळलो आणि वीस फुटांवर पेन्सिल एका जुन्या खोलीच्या भिंतीला लागली. मी खोडलं, पुन्हा चौकोन मोजले. तिसऱ्यांदा दाराकडून उलटे मोजले. तेच आलं.

"खानझोडे भाऊ, एक शंका हाये."

"बोला."

"हा बोळ वटवाघळांच्या खोलीतून जाऊन राह्यला. मधोमध."

ही खोली आम्ही उन्हाळ्यात पाहिली होती. तिथे बजरंगसिंह सातवा गेला होता, म्हणून पांडेलाही आठवत होती. "तो चमगादड़ कहाँ गए?" त्यानं विचारलं.

"पुन्हा मोजा," खानझोडे म्हणाले.

"तीनदा मोजलं."

त्यांनी हात पुढे केला. मी नकाशा दिला. त्यांनी खिशातली पट्टी काढून त्यावर ठेवली, सरकवली, परत ठेवली. ओठ हलत होते. कान लाल झालेले मला दिसले. त्यांनी काढलेल्या नकाशात कचेरीत कधी चूक निघाल्याचं मी ऐकलं नव्हतं, आणि खेळात तर दोन वर्षं मी साक्षीला होतो.

"नकाशा बरोबर हाये," ते म्हणाले. "चुकलं माझं."

 गुरुजींनी चष्मा काढून कपाळावर ठेवला. वर्गात एखाद्या पोराला जवळ बोलवायचं असलं की ते तसं करत असावेत.

"खानझोडे," ते म्हणाले, "झरा कुठं हाये?"

"गुरुजी, ते मी आताच कसं सांगू..."

"कुठं हाये?"

खानझोड्यांनी पट्टी माझ्या नकाशावर टेकवली. "इथं. वटवाघळांच्या खोलीच्या मागं. भिंतीपलीकडं."

"तिथं केव्हा ठेवला?"

"तो पयल्यापासून तिथंच हाये. तुमी पोळ्याले पोचलेच होते त्याच्यापाशी. पुढच्या दारातून सरळ गेले असते तर..." ते थांबले. "मंग मी रस्ता वळवला थोडा."

"मतलब," पांडे म्हणाला, "हम लोग दो-ढाई महीने से गोल-गोल घूम रहे हैं?"

"हौ."

"काहून?" मी विचारलं. मला हिशेब लागत नव्हता. एवढा काटेकोर माणूस, आणि रविवारमागून रविवार नवे बोळ रचत बसला, तेही इतक्या घाईत की जुन्या खोल्या विसरला.

खानझोड्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. नकाशाची घडी घालू लागले. मग नकाशा आपला नाही हे लक्षात येऊन तो उलगडून माझ्यासमोर ठेवला.

"गुरुजी चालले ना," ते म्हणाले.

 

गुरुजींनी चष्मा परत डोळ्यांवर घेतला. "बोरकर बाबू, वटवाघळांची खोली कुठवर हाये? चला तिकडं. मी ती मागची भिंत फोडतो."

"दार नाई तिथं," खानझोडे म्हणाले.

"म्हणूनच फोडतो म्हटलं. हातोडा हाये माझ्याजवळ. कागदावर लिहिलेला हाये."

त्यांनी वीस बाजूंचा फासा टाकला. चार पडले. खानझोड्यांनी आकडा पाहिला, आणि आम्ही त्यांच्याकडे पाहिलं. "नाई फुटली," ते म्हणाले. एवढं सगळं होऊनही चाराचे चौदा त्यांनी केले नाहीत, हे मला बरं वाटलं.

"हम भी मारते हैं," पांडे म्हणाला. मग मीही. माझ्या चोराकडे हातोडा नव्हता, फक्त कानस होती. खानझोडे म्हणाले चालेल, पण वेळ लागेल. लागला. आम्ही आळीपाळीनं फासा टाकत राहिलो. चहा आला, थंड झाला. पांडेच्या दुकानातून निरोप आला, त्यानं "आ रहा हूँ" असं सांगून परत पाठवला. शेवटी भिंत गुरुजींच्या हातून पडली. पलीकडे शिळा होती. ती आम्ही तिघांनी मिळून ढकलली.

खानझोड्यांनी पाणी सांगितलं. किती फूट, किती वेग, काही नाही. आधी भेगेतून बारीक धार आली, मग दगडांखालची माती विरघळू लागली, मग सगळीकडून एकदम. आम्ही कपारींना धरून वर चढलो. डोंगराच्या पोटातून ते बाहेर पडलं, कोरड्या पात्रात उतरलं, आणि खाली गावातली माणसं घराबाहेर येऊन नुसती उभी राहिली. एवढं सगळं ते एका दमात बोलले. मग म्हणाले, "झालं."

बाहेर उन्हं उतरली होती. कोणी उठलं नाही.

"आता काय करता?" खानझोड्यांनी विचारलं. आमच्याकडे न बघता, फासे पेटीत भरता भरता.

"बसतो काठावर," गुरुजी म्हणाले. "पाय पाण्यात सोडून."

"मैं भी," पांडे म्हणाला. मी मान हलवली.

"किती वेळ?"

"काही घाई नाई. अंधार पडूस्तोवर."

खानझोड्यांनी पेटीचं झाकण लावलं. थोडा वेळ त्यांचा हात झाकणावरच राहिला. इतक्या वर्षांत त्या गुहेतला दगडन् दगड त्यांनी रचला होता. त्यांचं स्वतःचं असं एकही माणूस आत नव्हतं. नियमच तसा आहे. जो सांगतो तो आत नसतो.

"गुरुजी," ते म्हणाले, "मी येऊन बसलो तर चालन काय?"

"या ना," गुरुजी म्हणाले, आणि बाकड्यावर खरोखरच थोडे सरकले.