दीड फुटी फळीवरचं वायरलेस

सर्व संबंधितांच्या माहितीसाठी प्रथमच नमूद करतो की, माझं टेबल दीड हात पुढं सरकवण्याचा निर्णय कचेरीच्या हितासाठीच घेण्यात आला होता. मी जन्म-नोंदणी कचेरीतला लिपिक. माझ्या पाठीमागच्या भिंतीला ओल आली होती, आणि ओलीचा अहवाल ज्याच्या टेबलामागे ओल असेल त्यानंच लिहायचा असतो. टेबल पुढं घेतल्याबरोबर ओल कोणाच्याच टेबलामागे राहिली नाही आणि अहवालाचा प्रश्न मिटला. फक्त संगणकाला येणारी इंटरनेटची वायर दीड हात कमी पडली.

लांब वायर मागवावी, असं मी सुचवलं. साहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जशी काही मी त्यांची खुर्चीच मागितली होती.

"वायर म्हटली की बांधकाम विभाग आला. तो आला की भिंत बघणार. भिंत बघितली की ओल दिसणार. तुम्हाला नोकरी करायची आहे ना?"

"करायची आहे, साहेब."

"मग बिनवायरचं काहीतरी मागवा."

अशा रीतीनं आमच्या कचेरीत वायरलेस अडॅप्टर आला. ज्यांनी तो पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो : अंगठ्याच्या नखाहून जरा मोठी वस्तू असते. ती संगणकाच्या यूएसबीच्या खाचेत खुपसायची, की संगणकाला हवेतून इंटरनेट मिळतं. खोक्यावर ठळक अक्षरांत छापलं होतं, 'लावा आणि वापरा'. इतकं बेजबाबदार वाक्य मी सव्वीस वर्षांच्या नोकरीत वाचलं नव्हतं.

भांडारपालांनाही ते खटकलं. कचेरीतली प्रत्येक वस्तू जडसंग्रह नोंदवहीत चढते आणि तिचा क्रमांक त्या वस्तूवर ऑइलपेंटनं, एक इंच उंचीच्या आकड्यांत रंगवावा लागतो. खुर्च्या, पंखे, पाण्याचं पिंप, सगळ्यांवर तो आहे. भिंतीवरच्या घड्याळाच्या काचेवरही आहे, त्यामुळे आमच्याकडे अकरा ते एक किती वाजले ते दिसत नाही आणि कोणी विचारतही नाही.

"याचा क्रमांक चौदा आकडी आहे," भांडारपाल अडॅप्टर चिमटीत धरून म्हणाले. "ही वस्तू एक आकडी पण नाही."

"बारीक लिहिता येईल," मी म्हणालो.

"बारीक लिहून चाललं असतं तर नियमात एक इंच कशाला म्हटलं असतं?"

पेंटरनं बराच विचार केला आणि तोडगा काढला. दीड फूट लांबीची एक फळी घ्यायची, तिच्यावर चौदा आकडे रंगवायचे आणि अडॅप्टर फळीच्या टोकाला पट्टी मारून पक्का बसवायचा. भांडारपालांना फळी फार आवडली. अशी भक्कम वस्तू चोरीला जात नाही, असं ते म्हणाले. फळी तयार झाली, पिवळ्या अक्षरांत झळकू लागली, आणि संगणकाच्या खाचेत काही केल्या जाईना.

तेव्हा फळी आणि संगणक यांच्यामध्ये सहा हात लांबीची जोडवायर लावण्यात आली. वायरलेसला वायर कशी, असा प्रश्न मी लेखी विचारला, कारण तोंडी विचारलेले प्रश्न पुढं अंगाशी येतात. साहेबांनी कागदावर शेरा मारला : 'वायरलेस उपकरणाची वायर ही वायर समजण्यात येऊ नये.' हा शेरा मी फ्रेम करून ठेवणार होतो, पण फ्रेमवर क्रमांक रंगवावा लागला असता.

आता ड्रायव्हर टाकायचा होता. ड्रायव्हर म्हणजे अडॅप्टरची संगणकाशी ओळख करून देणारा प्रोग्रॅम. तो इंटरनेटवरून उतरवून घ्यावा, असं पत्रकात लिहिलं होतं. म्हणजे इंटरनेट येण्यासाठी आधी इंटरनेट हवं. ते वाचून मला बरं वाटलं. ही वस्तू बनवणारी माणसंही आपल्यातलीच कोणीतरी असावीत. शेवटी समोरच्या झेरॉक्सवाल्यानं ड्रायव्हर पेनड्राइव्हवर घालून दिला. बाहेरचा पेनड्राइव्ह लावायला सक्त मनाई आहे, म्हणून तो लावेपर्यंत साहेब खिडकीबाहेर बघत राहिले. याला प्रशासकीय लवचिकता म्हणतात.

सिग्नल मात्र आला नाही. वायफाय सोडणारा डबा साहेबांच्या खोलीत, आणि मध्ये आठ लोखंडी कपाटं. फळी टेबलावर ठेवली की पडद्यावर फुली दिसायची. ती हातात घेऊन कपाटांच्या वर उंच धरली की सिग्नलच्या चारही काड्या उभ्या राहायच्या. शोध मोठा होता, पण फळी धरणार कोण? शिपायाच्या कामांच्या यादीत 'धरणे' नाही. माझे दोन्ही हात कीबोर्डवर. त्या वेळी रांगेत पस्तीस-चाळीस माणसं उभी होती, आणि त्यांचे हात रिकामे होते.

रांगेतला एक उंच शिंपी पुढं आला. त्यानं फळी धरली आणि तीन दिवस अडकलेला पहिला दाखला छापून निघाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मलाही भरून आलं, खोटं कशाला सांगू?

एवढ्यात रांगेतून कोणीतरी म्हणालं, "अहो, त्यापेक्षा टेबलच मागं घ्या ना! वायर पोचेल. चौघं मिळून आत्ता ढकलतो."

मी टेबलाची कड दोन्ही हातांनी धरली. ओल माझी होती. पण मला तोंड उघडायची गरजच पडली नाही.

"काही नको टेबल-बिबल!" दहाव्या नंबरचे गृहस्थ कडाडले. "टेबल मागं गेलं की रांग वळणार. वळली की मागचे आत घुसणार. आम्ही सकाळी सातपासून उभे आहोत!"

"बरोबर आहे!" सगळी रांग एका सुरात ओरडली. टेबल जिथं होतं तिथंच राहिलं.

मग रांगेतले एक निवृत्त ड्रिल मास्तर पुढं सरसावले. त्यांच्या खिशात अजूनही शिट्टी होती. त्यांनी वहीचा कागद फाडून यादी केली : प्रत्येकानं दहा मिनिटं फळी धरायची, यादीच्या क्रमानं, आणि धरण्यापूर्वी सही करायची. दुसऱ्या दिवशी एकानं घरचं टोपणनाव सांगून आणखी एक नंबर मिळवल्याचं उघडकीस आलं. तेव्हा रांगेनं ठराव केला की यादीत नोंदणीकृत पूर्ण नावच लागेल. तिसऱ्या दिवशी यादीचा मार्जिन लाल शाईनं आखला गेला. आमच्या कचेरीला शिव्या घालत आलेली माणसं आता एकमेकांचे कागद तपासत होती. मी कौतुकानं बघत राहिलो. मला इतकी वर्षं जे जमलं नव्हतं, ते त्यांनी तीन दिवसांत उभं केलं होतं.

चौथ्या दिवशी दुपारी चष्मेवाला आला. चष्म्याच्या दुकानात काचा घासण्याचं काम करणारा, हसऱ्या चेहऱ्याचा माणूस. कडेवर एक गुबगुबीत मुलगी, आणि दोन्ही बाजूंना दोन आज्या.

"साहेब, हिचं नाव घालायचंय दाखल्यात," तो म्हणाला. "उद्या वर्षाची होईल. आज शेवटचा दिवस ना?"

शेवटचाच होता. जन्माच्या दाखल्यात नावाचा रकाना वर्षभर कोरा ठेवता येतो. वर्ष उलटलं की तो रकाना आमच्या हातून जातो आणि वरिष्ठ कार्यालयाकडे जातो. तिथं शपथपत्र, दोन साक्षीदार आणि दोघांच्याही चालचलनाची खात्री लागते.

"वर्षभर काय करत होता?" मी दरडावून विचारलं.

त्यानं आवाज खाली आणला. "माझ्या आईला एक नाव हवं होतं, सासूबाईंना दुसरं. अकरा महिने दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्या. बायको दोघींच्या मध्ये बसून जेवायची. गेल्या आठवड्यात एका नावावर एकमत झालंय. ते आज कागदावर चढलं नाही तर पुन्हा सुरू होईल बघा. मला नाही आता झेपायचं."

दोन्ही आज्या तोंडभर हसल्या. ते हसणं फार काळ टिकणारं नव्हतं, हे मलाही दिसलं.

त्याचा नंबर एकतिसावा लागला. मूल कडेवर होतं, ऊन तापलं होतं, पण रांगेनं त्याला एकतिसाव्या जागीच उभं केलं. नियम सगळ्यांना सारखा. पोरगी रडली, हसली, झोपली, उठली. दोन आज्यांनी तिला आळीपाळीनं घेतलं. तो माझ्या टेबलाशी आला तेव्हा पाच वाजायला बारा मिनिटं होती, आणि पाचला त्या दिवसाची नोंदणी बंद होते.

मी नाव विचारलं. दोन्ही आज्या एकदम बोलल्या, आणि तेच नाव बोलल्या! मला कौतुक वाटलं. मी एकेक अक्षर टाइप केलं, चष्मेवाल्याच्या फोनवर आलेला आकडा भरला आणि 'जतन करा' दाबलं. पडद्यावर चक्र फिरू लागलं. दुसऱ्या दाखल्यासाठी पुन्हा आलेल्या शिंप्याची, म्हणजे तिसाव्या नंबरची पाळी होती; एकतिसावा नंबर टेबलाशीच असल्यामुळे त्याची पाळी वगळली होती. त्यानं फळी छताच्या दिशेनं ताणून धरली होती. चक्र फिरत होतं. पाच वाजायला सहा मिनिटं. आमचं चक्र पाच-सहा मिनिटं फिरतंच.

शिट्टी वाजली.

"वेळ संपली!" मास्तर म्हणाले. "बत्तीस नंबर!"

बत्तीस नंबर झेरॉक्स काढायला गेला होता. शिंप्यानं नियमाप्रमाणे हात खाली घेतला, आणि काड्या धडाधड पडू लागल्या. तेवढ्यात आजीच्या खांद्यावरून पोरीनं हात पुढं केला आणि पिवळ्या आकड्यांची ती फळी दोन्ही मुठींत घट्ट पकडली. आजीनं तिला डोक्यावर उचलून धरलं, दुसऱ्या आजीनं वायर सांभाळली. चारही काड्या उभ्या राहिल्या. चक्र पुन्हा फिरू लागलं. पोरगी खिदळली.

"थांबा!" मास्तर पुढं आले. "हिचं नाव यादीत आहे का?"

चष्मेवाल्याला हसू फुटलं. "मास्तर, तेच तर घालायला आलोय!"

"मग आधी नाव घाला, यादीत या, आणि मग फळी धरा."

"अहो, नाव घालायला फळी धरावी लागते!"

"तो तुमचा प्रश्न. नोंदणीकृत नावाशिवाय फळीला हात लावायचा नाही, असा ठराव आहे."

"चारच मिनिटांचा प्रश्न आहे हो," चष्मेवाला हात जोडून म्हणाला. आता तो हसत नव्हता. "नंतर मी तासभर धरतो. उद्या दिवसभर धरतो."

मला गप्प बसवेना. मी खुर्चीवरून उठलो, जे मी सहसा करत नाही. "मास्तर, राहू द्या ना. लहान मूल आहे."

"नियम माझा नाही, यांचा आहे," मास्तर रांगेकडे वळले. "बिननावाच्या इसमाला फळी धरू द्यायची नाही, या मताचे जे असतील त्यांनी हात वर करावेत."

मी मोजले. एकूण एक हात वर होता. शिंप्याचाही. अजून दमलेला होता, तरी वर होता.

तेहतिसाव्या नंबरच्या बाईंनी पोरीच्या मुठी एकेक बोट करून सोडवल्या. प्रेमानं सोडवल्या, तसं म्हणायला हवं. धरण्यापूर्वी सही आवश्यक असल्यामुळे त्यांनी फळी टेबलावर ठेवली आणि पेन मागितलं. पेन चालेना. त्यांनी ते झटकलं, तळहातावर रेघोट्या ओढून पाहिल्या. दुसरं पेन मिळेपर्यंत चक्र थांबलं होतं आणि पडद्यावर 'मुदत समाप्त' आलं होतं. नावाच्या रकान्यात संगणकानं आपणहून 'निरंक' भरलं होतं.

"तरी मी म्हणत होते, माझंच नाव आधी घातलं असतं तर अकरा महिन्यांपूर्वीच चढलं असतं," एक आजी म्हणाली.

"तुमचं? त्या नावानं कुत्रीसुद्धा वळून बघत नाही," दुसरी म्हणाली. दोघी दोन दारांनी बाहेर पडल्या.

चष्मेवाला पोरीला घेऊन उभा राहिला. मला वाटलं, आता शिव्या देणार. सव्वीस वर्षांत मी त्या भरपूर खाल्ल्या आहेत आणि त्या मला पचतात. पण त्यानं फक्त वरिष्ठ कार्यालयाचा पत्ता विचारला. मी तो कागदावर लिहून दिला. रांग पांगली होती. जाता जाता प्रत्येक जण सरकारी कारभाराला नावं ठेवत होता, आणि मी ती नम्रपणे ऐकून घेत होतो.

वरिष्ठ कार्यालय पुढच्या सोमवारी उघडेल. तो पोरीला घेऊन दहाच्या सुमारास पोचेल, कारण तिला आधी भरवावं लागतं. तुम्हीही कुठल्या ना कुठल्या कामासाठी तिथं रांगेत असालच. मला अर्ज करण्याचा अधिकार नाही, तरी व्यक्तिशः विनंती करतो : त्याला तेवढं पुढं सोडा. तुम्ही सोडणार नाही, हे मला ठाऊक आहे. तुम्ही सातपासून उभे असाल.