मुळेसाहेबांची उभी सभा

मुळेसाहेबांच्या सभेत खुर्ची नसे. जबलपुरात ओमतीजवळच्या आमच्या लहानशा सॉफ्टवेअर कंपनीत रोज सकाळी ते स्वतः खुर्च्या भिंतीकडे सरकवत. "उभा माणूस थोडकं बोलतो, अन् खरं बोलतो," असं त्यांचं म्हणणं. पुण्याहून ते अजाइल नावाची पद्धत शिकून आले होते. काम थोडं थोडं करायचं आणि रोज उभ्यानं एकमेकांना सांगायचं. प्रश्न तीनच. काल काय केलं? आज काय करणार? अडलं काय?

एका टीमपुरतं हे छान चाललं. मग एका इस्पितळाचं मोठं काम आलं. ते जमलं तरच आमचं ऑफिस जबलपुरात टिकणार होतं. टीम चार झाल्या आणि साहेब चारही सभांना ओळीनं उभे राहू लागले. कुणाचं काही अडलं, की ते सुटेपर्यंत अख्ख्या टीमनं उभं राहायचं, हा नियम त्यांचाच. हळूहळू कुणाचंच काही अडेनासं झालं. "चलो, गाडी रुळावर आली," साहेब म्हणाले.

इस्पितळवाल्यांना दाखवायच्या दिवशी चारही टीमचं काम पहिल्यांदा जोडलं. तारीख आकड्यांत लिहिताना भरतीवाल्या टीमनं दिवस आधी धरला होता, बिलवाल्यांनी महिना. पडद्यावर रोगी भरती व्हायच्या आधीच बरा होऊन घरी गेला. पाहुणे हसले, चहा प्याले आणि काम दुसरीकडे घेऊन गेले.

साहेब रागावले नाहीत. "सांगितलं काहून नाही?" एवढंच म्हणाले.

आमच्यातला दुबे, चुका शोधणं हीच ज्याची नोकरी, तो म्हणाला, "सर, बताते तो आप खड़ा रखते."

साहेबही हसले. दुसऱ्या दिवशी खुर्च्या आपापल्या जागी होत्या. काही महिन्यांत ऑफिसही उठलं.

परवा साहेब गेल्याचं कळलं. दुबे आणि मी चेरीतालला त्यांच्या घरी गेलो. थोरल्या बहिणीजवळ राहत ते. आम्ही सवयीनं भिंतीशीच उभे राहिलो.

"बसा नं, उभे काहून?" ताई म्हणाल्या. "गुडघे पार गेले होते त्याचे. ऑफिसातून आला की पायरीवरच बसून राहायचा. तरी विचारायचा, ताई, आज अडलं काय? नसलं अडलं, तरी मी एखाद्या डब्याचं झाकण घट्ट लावून ठेवायची. उघडून दिलं की बरं वाटायचं त्याला."

"और आप उनसे पूछती थीं?" दुबेनं विचारलं.

"रोज. म्हणायचा, काही नाही, ताई. अन् भिंत धरून उठायचा."